इंजिन बांधावे किती, मोकळे सोडावे किती? एका आडव्या तुळईचा आणि रबराच्या तुकड्याचा इतिहास

१/
आडवाटेने, दगडधोंड्यांतून चालणाऱ्या जीपमध्ये किंवा ट्रकमध्ये मूळ इंजिन काढून अधिक ताकदीचे बसवण्याची हौस फार जुनी आहे. अशा वेळी सारी चर्चा अश्वशक्तीची होते. ते इंजिन ज्या आडव्या तुळईवर टेकते ती तुळई आणि दोहोंच्या मधला रबराचा लहानसा ठोकळा यांची आठवण बहुधा शेवटी होते. पुष्कळदा गाडी मोडते ती मात्र तिथेच. गेल्या शंभर वर्षांत या सांध्याने मोटारींचा बाजार हलवला, युद्धातल्या जीपला दोरी बांधायला लावली आणि एकदा सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावायला भाग पाडले. हा धागा त्या सांध्याविषयी.

२/
आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. जुन्या जीपची आणि ट्रकची चासी शिडीसारखी असते. पुढून मागे जाणारे दोन लांब पोलादी दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. या आडव्या दांड्यांना क्रॉसमेंबर म्हणतात. इंजिन आणि चासी यांच्यामध्ये असते ते माउंटिंग. दोन पोलादी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पक्के चिकटवलेले रबर, अशी त्याची सर्वसाधारण रचना. आपल्याकडच्या गॅरेजांत त्याला ‘इंजिन फाउंडेशन’ किंवा नुसतेच ‘फाउंडेशन’ म्हणतात. घराच्या पायाला लावायचा शब्द मिस्त्रींनी इंजिनाला लावला, आणि तो अगदी योग्य आहे.

३/
क्रॉसमेंबरला एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. इंजिनाचे वजन पेलायचे. दोन्ही लांब दांडे एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर आणि समांतर ठेवायचे. शिवाय इंजिन जोर लावते तेव्हा उलट दिशेने येणारा पीळ चासीत पोहोचवायचा. सपाट रस्त्यावर ही कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. एक चाक दगडावर चढले आणि समोरचे खड्ड्यात गेले, की खाटेचा एक पाय उचलावा तशी सारी चासी पिळली जाते. तेव्हा प्रश्न उभा राहतो: पिळल्या जाणाऱ्या चौकटीत न वाकणारे ओतीव लोखंडाचे इंजिन बांधायचे कसे?

४/
सुरुवातीच्या मोटारींत उत्तर सोपे होते. इंजिन सरळ चासीला बोल्टने आवळून टाकायचे. रबर नाही, स्प्रिंग नाही. इंजिनाचा प्रत्येक हादरा चासीत, चासीतून आसनात आणि आसनातून माणसाच्या पाठीत जात असे. ते त्या काळी फारसे खटकत नव्हते, कारण रस्ताच त्याहून अधिक हादरे देत होता. खरी अडचण उलट दिशेची होती. इंजिनाचा हादरा चासीला बसे तो परवडला, पण चासीचा पीळ इंजिनाला सोसत नव्हता.

५/
१९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने या अडचणीवर एक तोडगा काढला. इंजिन तीन ठिकाणी टेकवले. पुढे मध्यभागी एक टेकू आणि मागे डावीउजवीकडे, चासीच्या दांड्यांवर, एकेक हात. तिवई कोणत्याही उंचसखल जमिनीवर डुगडुगत नाही, चार पायांचे स्टूल मात्र डुगडुगते. तेच तत्त्व येथे वापरले होते. पुढचा टेकू मध्यभागी एकच असल्याने चासी पुढच्या बाजूला पिळली, तरी इंजिन त्याभोवती थोडेसे वळू शकत असे. अमेरिकेतील खेड्यांचे चिखलाचे रस्ते लक्षात घेता ही योजना शहाणपणाची होती.

६/
तरी ती पुरेशी ठरली नाही. मागचे दोन हात इंजिनाच्या तळाशी असलेल्या पोलादी पत्र्याच्या टाकीला जोडलेले होते, आणि ते चासीला घट्ट आवळलेले असत. वर्षानुवर्षे पीळ सोसून ते सैल होत, तडकत, कधी तुटत. टाकीला बदली हात रिव्हेट करणे हे त्या काळच्या गॅरेजांचे नेहमीचे काम झाले आणि आधारासाठी जादा पट्ट्याही बाजारात आल्या. दीड कोटीहून अधिक संख्येने बनलेल्या या गाडीने एक धडा दिला: जो भाग चासीला घट्ट बांधला जातो, तो नकळत चासीचाच भाग होतो, आणि चासीचा भार त्याच्या वाट्याला येतो.

७/
दरम्यान इंजिने वेगवान होत गेली आणि दुसरा प्रश्न पुढे आला. सरळ ओळीतील चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन दट्टे वर जाताना दोन खाली येतात. त्यामुळे हादरे एकमेकांना मारून टाकतील असे वाटते, पण तसे पूर्णपणे होत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे दट्ट्याचा वेग वरच्या अर्ध्या प्रवासात जास्त आणि खालच्या अर्ध्यात कमी असतो. या फरकातून दर फेऱ्याला दोन उभे झटके उरतात. मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला ५० झटके. शिवाय दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणून इंजिन डावीउजवीकडेही तितक्याच वेळा झोके घेते.

८/
१९२९ मध्ये शेव्हरोलेने चार सिलिंडरांच्या किमतीत सहा सिलिंडरांची गाडी बाजारात आणली. सहा सिलिंडरांचे इंजिन स्वभावतःच शांत असते. मग चार सिलिंडरांची गाडी कोण घेणार? क्रायस्लर कंपनीच्या स्वस्त ‘प्लिमथ’ गाडीपुढे हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. नवे इंजिन घडवायचे तर मोठा खर्च, आणि वर मंदीचे दिवस. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी इंजिनाला फारसा धक्का न लावता त्याचे बांधणेच बदलले. १९३१च्या उन्हाळ्यात आलेल्या ‘प्लिमथ पीए’ गाडीच्या जाहिरातींत त्या योजनेचे नाव झळकले: ‘फ्लोटिंग पॉवर’, म्हणजे तरंगती शक्ती.

९/
योजना अशी होती. कोणतीही जड वस्तू मोकळी सोडली, तर ती आपल्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या एका ठरावीक अक्षाभोवती सहज झोका घेते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडीचा हा अक्ष पुढे उंच आणि मागे खाली असा तिरका असतो. म्हणून एक रबरी टेकू पुढे वरच्या बाजूला, पाण्याच्या पंपाखाली ठेवला आणि दुसरा मागे खाली, गिअरबॉक्सपाशी. दोन्ही टेकूंना जोडणारी रेषा त्या नैसर्गिक अक्षावरच आली. इंजिनाला ज्या रेषेभोवती डोलायचे होते, त्याच रेषेभोवती त्याला डोलू दिले. डोलणे थांबले नाही, ते चासीत उतरणे मात्र पुष्कळ कमी झाले.

१०/
मात्र मोकळीक दिली की मर्यादाही लागते. इंजिन नुसते दोन रबरांवर ठेवले, तर क्लच सोडताच ते कलंडले असते. म्हणून बाजूला एक पाट्याची स्प्रिंग लावली. तिचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे चासीकडे. लहान झोका ती सहज घेऊ देई, मोठा झोका अडवी. जाहिरातीत रबराचे कौतुक झाले, पण योजनेचे खरे मर्म या साध्या स्प्रिंगमध्ये होते. पुढच्या चाळीस वर्षांत जिथे जिथे तिचा विसर पडला, तिथे तिथे त्याची किंमत मोजावी लागली.

११/
या गाडीची एक गोष्ट अमेरिकी मोटार इतिहासात नेहमी सांगितली जाते. वॉल्टर क्रायस्लर कारखान्यातून निघालेल्या पहिल्या काही ‘पीए’ गाड्यांपैकी एक स्वतः चालवत हेन्री फोर्ड यांच्याकडे गेले, त्यांना फेरफटका मारून आणला, गाडी तिथेच भेट म्हणून ठेवली आणि टॅक्सीने परतले. प्रतिस्पर्ध्याला आपले शस्त्र हातात देण्याइतका हा आत्मविश्वास होता. त्याच वर्षी विक्रीत ‘प्लिमथ’ फोर्ड आणि शेव्हरोले यांच्यामागे तिसऱ्या क्रमांकावर आली. इंजिनाचे सिलिंडर वाढले नव्हते, केवळ टेकू बदलले होते.

१२/
फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने या योजनेचे हक्क घेतले आणि १९३२ पासून आपल्या गाड्यांत ती वापरली. त्या गाड्यांच्या बोधचिन्हात कंपनीच्या दोन कोनांपुढे पाण्यावर तरंगणारा एक हंस आला. पाण्यावर शांत दिसणारा हंस पाण्याखाली पाय मारतच असतो. रबरावर टेकलेल्या इंजिनाची याहून नेमकी खूण शोधणे कठीण. प्रवाशाला शांतता जाणवते, पण बॉनेटखाली झोके चालूच असतात.

१३/
आता रबराच्या स्वभावाविषयी थोडे. पोलादी पट्ट्यांमध्ये दाबलेले रबर मोठा भार पेलते. त्याच पट्ट्या एकमेकींपासून ओढल्या, तर रबर पोलादावरून सुटू लागते किंवा मधोमध फाटते. म्हणजे दाब त्याला मानवतो, ओढ मानवत नाही. दुसरा शत्रू तेल. नैसर्गिक रबर तेलात फुगते आणि मऊ पडते, आणि इंजिनाखाली तेल ठिबकणे तर ठरलेलेच. १९३१ मध्येच ड्यू पाँट कंपनीने तेलाला पुष्कळ दाद न देणारे कृत्रिम रबर जाहीर केले. तेच पुढे निओप्रीन या नावाने प्रसिद्ध झाले. तरीही ओढीपुढचा कमकुवतपणा कोणत्याच रबरातून पूर्णपणे गेला नाही.

१४/
इथवरचा इतिहास रस्त्यावरचा. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याला रस्ता नसलेल्या ठिकाणी जाणारी हलकी गाडी हवी होती. बँटम कंपनीने पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या हवाली केला. पुढे मुख्य उत्पादन विलिस आणि फोर्ड यांच्याकडे गेले. दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. विलिसच्या २.२ लिटरच्या इंजिनाची ताकद होती ६० अश्वशक्ती. वजनाची अट कडक असल्यामुळे चासीही हलकी ठेवावी लागली, आणि हलकी चासी अधिक पिळली जाते.

१५/
या जीपमध्ये इंजिन पुन्हा तिवईवर आले. पुढे दोन्ही बाजूंना रबरी माउंटिंग आणि मागे गिअरबॉक्सखाली एक. मागचे माउंटिंग ज्या क्रॉसमेंबरवर टेकते तो चासीला वितळवून जोडलेला नव्हता, बोल्टने बसवलेला होता. कारण सैनिकी आहे. गिअरबॉक्स आणि त्याला जोडलेली ट्रान्सफर केस खाली उतरवायची, तर मधली तुळई दूर व्हायला हवी. मैदानात दुरुस्ती करणाऱ्या सैनिकाला पोलाद कापायला वेळ नसतो. तुळई जितकी पक्की तितकी चांगली, हे अर्धे सत्य. ती काढता येणे हीसुद्धा गरज आहे.

१६/
क्रॉसमेंबरविषयी एक गमतीची गोष्ट जुन्या जीपच्या संग्राहकांना तोंडपाठ असते. विलिसची आणि फोर्डची युद्धकालीन जीप दिसायला सारखीच, सुटे भागही अदलाबदल करता येणारे. ओळखायची कशी? रेडिएटरच्या खाली वाकून पाहायचे. पुढचा क्रॉसमेंबर गोल नळीचा असेल तर चासी विलिसची, उलट्या ‘यू’ अक्षरासारखा चौकोनी असेल तर फोर्डची. दोन कारखान्यांनी एकच काम दोन आकारांत केले, आणि ऐंशी वर्षांनंतरही गाडीची जन्मखूण तीच तुळई सांगते.

१७/
आडवाटेवर माउंटिंगवर नेमका किती जोर येतो, हे जीपच्याच आकड्यांवरून पाहता येते. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, सुमारे १४.५ किलोग्रॅम-मीटर. पहिला गिअर त्याला सुमारे २.६७ पट करतो, ट्रान्सफर केसचा लो गिअर आणखी १.९७ पट. मिळून सव्वापाच पट. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकाच गठ्ठ्यात जोडलेले असल्यामुळे हा सारा पीळ उलटून त्याच तीन माउंटिंगवर येतो. एक मीटर लांबीच्या पहारीच्या टोकाला साडेचौदा किलोचे पोते टांगणे आणि तिथेच ७६ किलोचा माणूस लोंबकळणे, इतका हा फरक आहे.

१८/
चढावर हा पीळ येतो, तर तीव्र उतारावर आणि जोराच्या ब्रेकला इंजिनाचा गठ्ठा पुढे सरकू पाहतो. पुढे थोड्याच अंतरावर फिरता पंखा आणि त्याला लागून रेडिएटर. रबर मऊ, म्हणून जीपच्या रचनाकारांनी एक साधा उपाय केला. इंजिनाच्या मागच्या बाजूपासून क्रॉसमेंबरपर्यंत पोलादी तारेचा एक दोर बांधला. नेहमीच्या हालचालीत तो आड येत नसे, इंजिन मर्यादेबाहेर सरकू लागले की ताणला जाई. ‘प्लिमथ’मध्ये जे काम पाट्याच्या स्प्रिंगचे, ते येथे दोराचे. वासराला चरायला मोकळे सोडावे, पण दावे गळ्यात असावे, तसे.

१९/
युद्ध संपले आणि जीप मुंबईला आली. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलिसच्या जीप सुट्या भागांत आणल्या आणि १९४९ मध्ये माझगावच्या कारखान्यात जीपची जुळणी सुरू झाली. पुढे उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ जीप भारतात कितीतरी दशके बनत राहिली. त्या उंच बॉनेटचे कारणही इंजिनबदलच आहे. १९५३ मध्ये विलिसने जुन्या चौकटीत ‘हरिकेन’ नावाचे अधिक उंचीचे इंजिन बसवले. ते मावेना, म्हणून बॉनेट उंच केले. महाराष्ट्राच्या पिढ्यांनी सरकारी जीपचा जो चेहरा पाहिला, तो अशा तडजोडीतून घडला होता.

२०/
१९७०च्या दशकात पेट्रोल महागले आणि भारतीय जीपला डिझेल इंजिन हवे झाले. ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या घराण्यातले डिझेल इंजिन आधी आले. त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेले २,११२ घनसेंटिमीटरचे इंजिन आले. डिझेल इंजिनात हवा कितीतरी अधिक दाबली जाते आणि पेटण्याचा धक्का तीव्र असतो. संथ चालवले की सारी गाडी थरथरते. पेट्रोल इंजिनासाठी मापलेल्या माउंटिंगला आणि क्रॉसमेंबरला हा स्वभाव सर्वस्वी परका होता.

२१/
यात एक विरोधाभास दडलेला आहे. बहुतेक ट्रॅक्टरांना वेगळी चासी नसते. इंजिनाचे जाड ओतीव लोखंडी धडच पुढचा आस आणि मागचा गिअरबॉक्स यांना जोडते. म्हणजे तेथे इंजिन हीच चासी, रबराचा प्रश्नच नाही. त्याच घराण्यातले इंजिन जीपमध्ये येते, तेव्हा त्याला पातळ पत्र्याच्या शिडीवर रबर घालून बसावे लागते. कारखान्याने हे मोजूनमापून केले. गावोगावच्या गॅरेजांत मात्र जुन्या पेट्रोल जीपना डिझेल इंजिने बसली, ती मिस्त्रींच्या अंदाजावर. कुठे अँगलची पट्टी वितळवून जोडली, कुठे ट्रकच्या माउंटिंगचे रबर घातले. ज्यांचा अंदाज बरोबर आला त्या गाड्या वर्षानुवर्षे चालल्या. इतरांच्या चासीला वेल्डिंगच्या कडेने तडे गेले.

२२/
अमेरिकेत ओघ उलटा होता. तेथे पेट्रोल स्वस्त आणि हौस ताकदीची. जीपच्या ‘सीजे-५’मध्ये ब्यूइक कंपनीचे व्ही-६ इंजिन बसवण्याचे उद्योग हौशी लोकांनी आधीच सुरू केले होते. १९६५ मध्ये जीपच्या तेव्हाच्या मालक कैसर कंपनीने तेच २२५ घनइंचाचे इंजिन ‘डॉन्टलेस’ नावाने कारखान्यातूनच देऊ केले. ताकद सुमारे १६० अश्वशक्ती, मूळ चार सिलिंडरांच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. हौशी कारागिरांनी गॅरेजात सुरू केलेला बदल कारखान्याने स्वीकारावा, असे प्रसंग मोटारींच्या इतिहासात थोडेच.

२३/
या व्ही-६ची एक खोड होती. त्याचे सिलिंडर समान अंतराने पेटत नसत. एक ठिणगी ९० अंशांनी, पुढची १५० अंशांनी, अशी लंगडी चाल. ती सावरायला जीपमध्ये जड फ्लायव्हील घातले, आणि उरलेला थरथराट माउंटिंगच्या रबराला सोसावा लागला. पुढे जीप ‘एएमसी’ कंपनीकडे गेली. १९७२ मध्ये तिने आपली लांबट सहा सिलिंडरांची आणि व्ही-८ इंजिने ‘सीजे-५’मध्ये आणली, तेव्हा चाकांमधले अंतर ८१ इंचांवरून सुमारे ८४ इंच करावे लागले. मोठे इंजिन हवे तर चासीच नव्याने मापावी लागते, हे कारखान्याने स्वतःच मान्य केल्यासारखे होते.

२४/
त्याच सुमारास या सांध्याने आपला सर्वांत गंभीर धडा दिला. शेव्हरोलेच्या १९६५ ते १९६९ मधल्या अनेक गाड्यांत आणि हलक्या ट्रकांत माउंटिंगचे रबर फाटू लागले. इंजिन पुढून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून जोर लावताच त्याचे धड उलट कलते आणि डावी बाजू उचलली जाते. म्हणजे डाव्या माउंटिंगला नेमकी ओढ बसते, जी रबराला मानवत नाही. ते फाटले की इंजिन वर उसळे आणि ॲक्सिलरेटरचा सांधा आपल्याबरोबर ओढून नेई. चालकाने पाय काढला, तरी गाडी वेग घेतच राही. कधी ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची नळीही निसटे.

२५/
कंपनीने सुरुवातीला हा धोका मोठा मानला नाही. तक्रारी आणि अपघातांच्या नोंदी वाढल्या, ग्राहकहक्कांचे कार्यकर्ते राल्फ नेडर यांनी प्रश्न लावून धरला, आणि डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या. तोवरच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी संख्या. आता उपाय काय केला ते पाहण्यासारखे आहे. सगळ्या गाड्यांना नवे इंजिन नाही, नवी चासी नाही. इंजिन उचलले जाऊ नये म्हणून त्याला पोलादी तारेचा एक दोर बांधला. तीस वर्षांपूर्वी युद्धातल्या जीपला बांधलेला दोर दुसऱ्या रूपात परत आला.

२६/
पुढच्या माउंटिंगच्या रचनेत हा धडा मुरला. दोन्ही पोलादी पट्ट्या एकमेकींत अडकतील अशा घडवल्या जाऊ लागल्या. रबर पूर्ण फाटले, तरी पोलाद पोलादाला धरून ठेवते. १९८०च्या दशकात रबराच्या आत द्रव भरलेली माउंटिंगे मोटारींत रुळली. लहान हादऱ्याला ती मऊ राहतात, मोठ्या झोक्याला ताठ होतात. ‘प्लिमथ’च्या रबराचे आणि पाट्याच्या स्प्रिंगचे काम आता एकाच डबीत आले. आडवाटेच्या शौकिनांनी मात्र वेगळा रस्ता धरला: कडक पॉलियुरेथेनची माउंटिंगे आणि जाड नळीचे क्रॉसमेंबर.

२७/
हा रस्ता चुकीचा नाही, पण तो ‘मॉडेल टी’च्या धड्याजवळून जातो. माउंटिंग कडक केले की फाटण्याची भीती कमी होते, पण चासीचा पीळ इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या धडात शिरू लागतो. क्रॉसमेंबर जाड केला की तो वाकत नाही, पण तो जिथे लांब दांड्याला जोडला आहे तिथला पातळ पत्रा तडकतो. उघड्या पन्हाळीसारखा दांडा सहज पिळला जातो, बंद नळी पिळायला कठीण. दोहोंचा सांधा जिथे होतो, तिथे सारा ताण गोळा होतो. म्हणून अनुभवी कारागीर जोड एका रेषेत न घेता मोठ्या पट्टीवर पसरवतात, किंवा तिथे रबरी बुश घालून थोडी हालचाल राहू देतात.

२८/
मजबुतीकरणाचा हा सारा इतिहास तीन प्रश्नांवर येऊन थांबतो. पहिला, लो गिअरमध्ये इंजिनाचा पीळ किती पट होऊन माउंटिंगवर येणार आहे? दुसरा, चासी पिळली तर इंजिनाला त्यापासून मोकळे राहायला वाव आहे का? तिसरा, उद्या रबर फाटलेच, तर इंजिनाला कोण धरून ठेवणार आहे? ‘मॉडेल टी’ दुसऱ्या प्रश्नात अडखळली, शेव्हरोले तिसऱ्या. ‘प्लिमथ’ने आणि युद्धातल्या जीपने या प्रश्नांची उत्तरे आधीच शोधून ठेवली होती, म्हणून ती दोन्ही नावे आजही आदराने घेतली जातात.

२९/
आजही एखाद्या जुन्या जीपखाली वाकून पाहिले, तर हा इतिहास तेलाने माखलेल्या अवस्थेत जागेवरच दिसतो. पुढचा आडवा दांडा, दोन बाजूंची रबरे, मागची बोल्टने बसवलेली तुळई आणि नशीब असेल तर जुना तारेचा दोरही. दुरुस्तीच्या वेळी हा दोर पुष्कळांनी निरुपयोगी समजून काढून टाकला, कारण गाडी चालताना त्याचे काम कधी दिसत नाही. जीप कोणाकडे असेल आणि इंजिन बदलायचा बेत असेल, तर त्याआधी एकदा तो दोर जागेवर आहे का ते पाहावे.

धागा समाप्त.